साळूबाईची पायघडी

धैर्यशील पलटणीतून कायमचा घरी येणार म्हटल्यावर यादवांच्या घरात पहिली कुरबूर झाली ती जमिनीवरून. उसाच्या नव्हे, अंगणातल्या.

झालं असं की, धैर्यशीलच्या बायकोनं, पूजानं, स्वागताचा सगळा बेत आपल्या अंगावर घेतला होता. लग्न झाल्यापासून नवरा कायम लांब. ही इथं सासू-सासरे, पोरांच्या शाळा आणि उसाच्या तोडी सांभाळत राहिलेली. आता हौस करायची ती एकदाच, पण करायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पाटणच्या अलीकडं कोयनेकाठी वसलेल्या त्या गावात गेल्या काही वर्षांत तशी रीतच पडली होती. कुणी फौजी रिटायर होऊन आला की कराड स्टेशनापासून उघडी जीप, पुढं मोटारसायकली, वेशीत ढोल आणि दारात सजावट. त्यातही कमान आणि फुगे आता जुने झाले होते. बायका आल्या की आधी बघायच्या ते पायाखाली काय घातलंय.

म्हणून पूजानं इस्लामपूरहून दीपमाला नावाच्या सजावट करणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं. मुलगी पंचविशीची, बोलायला गोड आणि कामाला चटपटीत. ओसरीवर मांडी घालून बसली, टॅब उघडला आणि एकेक फोटो पुढं सरकवायला लागली.

"हा आरशासारखा फ्लोअर, वरच्या झालरी खाली दिसतात. ही लाइटची फरशी, पाऊल पडलं की तिथं उजेड. ह्या झेंडूच्या पायघड्या, मधे पाण्याच्या पराती आणि त्यात तरंगत्या पणत्या. लहान मुलांच्या वाढदिवसाला आम्ही फुगे जमिनीवरच मोकळे सोडतो. आणि हे बघा, हे सगळ्यात जास्त चालतंय सध्या. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत एक अखंड छापील पट्टा. त्यावर साहेबांचा वर्दीतला मोठ्ठा फोटो, खाली नाव आणि स्वागत."

गुंडा आबा खांबाला टेकून बसले होते. धैर्यशीलचे वडील. सत्तरी ओलांडलेले रिटायर हवालदार. मिशी अजून ताठ, गुडघे मात्र गेलेले. त्यांनी चष्मा वर केला.

"फोटो कुठं म्हणालीस, बाळ?"

"जमिनीवर, आजोबा."

"आन त्येच्यावरनं चालायचं कुणी?"

"साहेबच की. आणि मागनं सगळी..." दीपमाला मधेच थांबली. तिनं टॅबवरच्या फोटोकडं पुन्हा एकदा नीट बघितलं आणि स्वतःच हसायला लागली. "अगं बाई! तरीच सगळीकडं लोक पट्ट्याच्या कडंकडंनं चालतात. मला वाटायचं, पट्टा मळू नये म्हणून चालतात."

पूजाही हसली, पण पट्टा तिच्या मनात भरला होता. ती जरा हिरमुसली. "मग मामा, तुम्हीच सांगा काय घालायचं."

आबा जणू ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "भुसा," ते म्हणाले.

"भुसा? बर्फाच्या लादीवर टाकतात तो?"

"त्योच. रंगवल्याला."

आणि आबा सुरू झाले. उत्तरेला पलटण असताना, बर्फाच्या दिवसांत, सामानाच्या खोक्यांसाठी लाकूड कापलं जायचं त्याचा भुसा ते पोत्यांत भरून ठेवायचे. बडाखाना आला, म्हणजे सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण, की आठवडाभर आधी सुभेदार हाक मारायचे, "गुंडा, फर्श तुझी." मग लंगरमधल्या सैपाकाच्या जुन्या पातेल्यांत रंग कालवायचे, त्यात भुसा भिजवायचा, शेगडीच्या उबेला वाळवायचा. करडा रंग हवा तर शेगडीचीच राख. विटांचा चुरा, मसुराची डाळ, देवदाराची बोंडं, जे मिळेल ते. जेवणाच्या तंबूत दारापासून पार टोकापर्यंत ते जमिनीवर चित्र काढायचे. कधी मोर, कधी तलवारी, एकदा तर अख्खा अजिंक्यतारा काढला होता, बुरुजांसकट. बर्फाच्या मुलखात साताऱ्याचा किल्ला! मराठी पोरं त्याच्याभोवती उभी राहिली आणि आपापलं गाव कुठल्या बुरुजाच्या अंगाला ते एकमेकांना दाखवायला लागली. मग जेवणाचा बिगुल झाला आणि शेकडो बूट त्याच्यावरून गेले.

"वाईट नाही वाटायचं?" दीपमालानं विचारलं.

"वाटायचं तर. पर जमिनीवर काढल्यालं चित्र हाय ते, बाळ. भिंतीवर टांगायचं न्हाई." आबा म्हणाले. "सकाळी मीच झाडायचो. सगळं रंग एक हुयाचं."

दीपमालाला ही कल्पना आवडली. तिनं लगेच हिशेब मांडला : वेशीपासून तिच्या झेंडूच्या पाकळ्या, कडेनं पणत्या आणि रस्त्यावरून वळलं की दारापर्यंत आबांचा भुसा. पूजाचंही मन वळलं. फक्त काढायचं काय, हे ठरेना. मोर म्हणावा तर प्रत्येक लग्नात असतो. किल्ला म्हणावा तर त्याच्यावर पाय द्यायचा, हे आबांनाच आता पटेना.

"तुमचं स्वागत कसं झालं होतं, आजोबा?" दीपमालानं सहज विचारलं.

पूजानं ओठ दाबून हसू आवरलं. ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती.

"आमचं?" आबांनी मिशीवरून हात फिरवला. "लय थाटात. काळी ट्रंक डोक्यावर, वळकटी खांद्यावर, यष्टीतनं उतरलो आन चालत आलो. बघतोय तर घरात कोण न्हाई. दारात एकटं कुत्रं. म्या म्हटलं, चला, गार्ड तर हाय! तर त्येबी आमाला बघून भुंकलं. दुसऱ्या पलटणीचं असंल!"

दीपमाला खळखळून हसली. पूजा शंभराव्यांदा हसली. ओसरीच्या कोपऱ्यात साळूबाई, आबांची बायको, लसूण सोलत बसली होती. तिनं चहाचे कप गोळा केले आणि ती आत गेली. ही गोष्ट निघाली की ती नेहमीच काहीतरी उचलून आत जायची. आबांनी ते कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा निजामच्या वखारीत गेले. निजाम मुल्ला त्यांचा शाळेपासूनचा जोडीदार. पाटणच्या रस्त्याला त्याची लाकडाची वखार, बापापासून चालत आलेली. यंत्रावर आता त्याचा मुलगा अश्फाक बसायचा. निजाम नुसता खुर्ची टाकून आंब्याचं लाकूड कुठलं आणि जांभळाचं कुठलं हे वासावरून सांगत राहायचा.

"किती भुसा पायजे, गुंड्या?"

"रस्त्यापासनं उंबऱ्यापतोर."

"म्हंजे पिकअपभर. घिऊन जा की. पर बारीक-जाड येगळा करावा लागंल."

दोघे म्हातारे चाळण घेऊन बसले. भुशाचा वास नाकात गेला आणि आबांना एकाएकी कुठल्या कुठल्या तंबूंची आठवण यायला लागली. नावं आठवत होती, चेहरे पुसट झाले होते. त्यांच्या हाताखाली रंग कालवणारा एक गढवाली पोरगा होता, सारखा शीळ घालायचा. तो पुढं कुठं गेला कोण जाणे. आबा बोलत होते, निजाम "व्हय व्हय" करत चाळत होता. वखारीमागंच निजामचं घर. तिथून त्याची बायको रहिमतबी चहा घेऊन आली.

"काय काढणार हायसा, भावजी?"

"त्येच ठरंना झालंय, वहिनी."

"आवं, मग साळूनं काढलीती तशी आगीनगाडी काढा की."

आबांचा हात चाळणीवर तसाच राहिला. "कसली आगीनगाडी?"

रहिमतबी त्यांच्याकडं बघतच राहिली. तिला आधी वाटलं, भावजी थट्टा करताहेत. मग तिच्या ध्यानात आलं की ह्या माणसाला खरंच काही माहीत नाही. तिनं कप खाली ठेवले आणि ओंडक्यावर बसली.

"तुमी पलटणीतनं सुटून आला तवाची गोष्ट. तुमची तार आलीती का न्हाई, ह्या ह्या दिशी पोचतो म्हणून? चार रोज आधीपासनं साळूची गडबड. माझ्याकडंच आली पैल्यांदा. म्हणली, बी, कोळसा कुटून दे. विटंचा चुरा केला, शेवग्याचा पाला सावलीत वाळवून कुटला हिरव्यासाठी. हळद. चुना. आमी दोघी दुपारचं ह्या वखारीच्या पाठीमागंच कुटत बसायचो, तुमच्या आईला कळू नये म्हणून. आन मग त्या दिशी पाटं उठून तिनं सारं आंगण सारवलं आन दारापासनं पार रस्त्यापतोर आगीनगाडी काढली. इंजन घराकडं तोंड करून. डबं एकामागं एक. म्या म्हटलं, गं बाई, तू आगीनगाडी कवा बघितलीस? तर म्हणती, बघितली न्हाई, पर त्येंनी सांगितलीया."

यंत्र थांबलं होतं. अश्फाकही ऐकत उभा राहिला होता.

"तुमी त्या दिशी आलाच न्हाई. गाडी कुटं अडकलीती म्हणं. सांजच्याला रानातनं गुरं आली आन सगळं तुडवून गेली. हिनं दुसऱ्या दिशी परत काढली. त्या दिशीबी न्हाई आला. रातीत वाऱ्यानं गेलं निम्मं. तिसऱ्या दिशी सकाळी ती परत बसाया लागली, तर तुमची आई भाईर आली. आता गेल्या माणसाला कशाला बोल लावायचा. पर म्हणली, रोज रोज काय दिवाळी हाय? गाव हसंल. आन शेणाचा काला वतून सारवून टाकलं. साळूला म्हणली, जा, रानात भांगलण पडलीया. ती गेली. आन त्याच दिशी दुपारच्याला तुमी आला."

निजाम खाली बघत भुसा मुठीत घेऊन सोडत राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

आबा घरी परतले ते चालतच. अश्फाक सोडतो म्हणाला तरी नको म्हणाले. वाटेभर त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. ती कुत्र्याची गोष्ट आपण कुठं कुठं सांगितली? भावकीच्या लग्नांत सांगितली. सोसायटीच्या कट्ट्यावर, पाहुण्यांपुढं, सुनेच्या माहेरी, नातवंडांना झोपवताना. आणि त्यातल्या कितीतरी वेळा साळूबाई तिथंच होती. वाढत होती, निवडत होती, लसूण सोलत होती.

घरी आले तेव्हा ती मागच्या दारी भांडी घासत होती. आबा पायरीवर बसले.

"साळू, तू आगीनगाडी काढलीतीस?"

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "रहिमतला तोंड धरवत न्हाई," ती म्हणाली.

"तू कवा बोलली न्हाईस?"

"कवा बोलू? म्या रानातनं परत आले तवा आत्याबाईबी घरी आलेल्या. त्येंच्यासमूर सांगायचं म्हंजे त्येंचं नाव घ्यायचं. आन मग तुमी त्या कुत्र्याचं सांगायला लागला." तिनं तांब्या उपडा घातला. "लय खुलायचा तुमी सांगताना. लोकं हसायची. म्या कशाला मधीच मोडता घालू?"

आबांची फौजेत रडायची सवय गेलेली. त्यांनी नुसतं उपरण्यानं चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. साळूबाईनं ते बघितलं आणि हातातलं भांडं बाजूला ठेवलं.

"आता काय त्येचं," ती म्हणाली. "काल झाल्यागत काय बसलायसा."

"किती डबं हुतं?"

"काय म्हाईत. जागा हुती तेवढं."

"आन माणसं?"

"शेवटच्या डब्यात एक. खिडकीत." ती जरा थांबली. "मिशी काढलीती. टोपी काय मला धड जमली न्हाई."

आबांना आठवलं. सुट्टीवर आले की ओसरीवर ते आईला, भावांना आगगाडीचं सांगत बसायचे : इंजिन कसं असतं, बोगद्यात अंधार कसा होतो, स्टेशनावर मातीच्या कपातला चहा कसा लागतो. साळू तेव्हा चुलीपाशी असायची, पाठमोरी. ऐकतेय की नाही हेही कळायचं नाही.

"तीच काढायची," आबा म्हणाले. "धैर्यशीलसाठी तीच गाडी. तू काढ, म्या रंग भरतो."

"येडं का खुळं! आता माझं हात कापत्यात."

"माझं गुडघं वाकत न्हाईत. दोघांत मिळून एक माणूस हुतंय की."

साळूबाई पहिल्यांदा हसली. तोंडाला पदर लावून, नव्या नवरीसारखी.

सोहळ्याच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला अंगणात सगळी जमली. भुसा तीन दिवस रंगवून वाळवून ठेवला होता : लाल, काळा, पिवळा, हिरवा, आणि आबांच्या हट्टानं राखेचा करडा. दीपमाला तिच्या पोरी घेऊन आली होती. रहिमतबी आणि निजाम आले. साळूबाईनं चुन्याची फक्की चिमटीत घेतली आणि उंबऱ्यासमोर वाकली. सुरुवातीला रेघ थरथरली. मग तिनं डावा हात गुडघ्यावर टेकला, श्वास रोखला आणि इंजिनाचं नाक ओढलं. पुढं मात्र तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. धुरांडं आलं, त्यातून धुराचे गोल आले, चाकं आली. एवढ्या वर्षांत ती आगगाडीतून पंढरपूर-तिरुपती सगळीकडं फिरून आली होती. पण तिनं काढलं ते खऱ्यासारखं इंजिन नव्हतं. बैलाच्या तोंडासारखं मोठ्या डोळ्यांचं, गमतीदार इंजिन होतं ते. न बघितलेलं.

"आत्या, चाकं अशी चौकोनी?" पूजा हळूच म्हणाली.

"आसूंदे तशीच," आबा ठासून बोलले.

आबा एका छोट्या पाटावर बसून, पाट पुढं सरकवत, रंग भरत गेले. बोटांना सगळं आठवत होतं. मूठ किती उघडायची, भुसा किती उंचीवरून सोडायचा, कडेला हाताची धार कशी लावायची. दीपमालानं चाकांच्या मधे झेंडूची फुलं बसवली आणि डब्यांच्या खिडक्यांत पिवळ्या पाकळ्या भरल्या, म्हणजे आत दिवा लागल्यासारखं दिसेल. शेवटच्या डब्यात साळूबाईनं एक माणूस काढला. मिशी काढली. टोपी काढताना ती थांबली, तेव्हा आबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवून ती पुरी केली. रहिमतबी दुसरीकडं बघायला लागली.

गाडी काढून झाली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत, अंगणाला थोडा बाक देत, रंगीत गाडी उभी होती. आळीतल्या बायका कडेला उभ्या राहून बघत होत्या. लीलाबाई नावाची शेजारीण म्हणाली, "आमच्या शंभूराजच्या लग्नात हॉलवाल्यानं एवढा गालिचा घातला, पर एक माणूस खाली बघंल तर शप्पथ." दीपमालानं वर गच्चीतून फोटो काढले.

आणि मग पूजाचा फोन वाजला. धैर्यशीलचा होता. वाटेत कुठंतरी गाडी अडकून पडली होती. सकाळी पोचायची ती आता दुपार होईल, कदाचित तिसरा प्रहर.

साळूबाईनं ते ऐकलं. पदर खोचला आणि सैपाकघरात जाऊन बसली. पूजा बोलवायला गेली तर म्हणाली, "असूंदे. मला म्हायती हाय ह्ये."

आबांनी खुंटीवरची काठी घेतली, खुर्ची रस्त्याच्या तोंडाला टाकली आणि बसले. त्यांच्यादेखत आज ह्या गाडीवर कोंबडीचं पाऊल पडणार नव्हतं.

कोंबड्या आल्या, त्या हाकलल्या. शेळी आली, ती हाकलली. दुपारी नदीकडून वारा सुटला आणि भुशाचा वरचा थर हलायला लागला. तेव्हा निजामनं अश्फाकला पिटाळून उसावर फवारायचा पाठीवरचा पंप मागवला, धुवून घेतला, साधं पाणी भरलं, आणि दोघे म्हातारे आळीपाळीनं गाडीवर तुषार सोडत राहिले. ओला भुसा जमिनीला चिकटला. रंग उलट जास्तच उठून दिसायला लागले. स्पीकर घेऊन आलेला टेम्पो थेट अंगणात वळत होता, तेव्हा आबा उभे राहिले आणि छातीतून असा आवाज काढला की, ड्रायव्हरनं टेम्पो जागेवर बंद पाडला.

"थम्म!"

"आवं आबा, स्पीकर आत लावायचं हायत..."

"उचलून न्या. कडंनं."

पूजानं जेवायला हाक मारली. आबा उठले नाहीत. ताट खुर्चीत आणून दिलं, ते तिथंच जेवले. लोक येत होते, चित्र बघत होते, घड्याळ बघत होते, पारावर जाऊन बसत होते. कुणीतरी म्हणालं, "आबा, ती कुत्र्याची गोष्ट सांगा की, येळ जाईल." आबा म्हणाले, "ती गोष्ट बंद झाली आता."

दिवस कलायला लागला तशी आळीतल्या बाळासोची म्हसरं रानातून परतली. अंगणावरूनच त्यांची रोजची वाट. पुढची म्हैस मान खाली घालून, धूळ उडवत, सरळ शेवटच्या डब्याच्या दिशेनं निघाली होती. आबा काठी आडवी धरून रस्त्यात उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यांवर, पाय फाकून.

"बाळासो! म्हसरं मागारी घे!"

"आवं आबा, ह्येंची वाटच ही हाय. जनावराला काय सांगू?"

"जनावराला न्हाई, तुला सांगतुय. आजच्या रोज मागल्या बांधानं ने. पाया पडतो तुझ्या."

आबा कुणाच्या पाया पडायची भाषा करताहेत, हे गावानं पहिल्यांदाच ऐकलं. बाळासो वरमला. त्यानं म्हशीच्या शिंगाला हात घातला आणि कळप मागच्या बांधानं वळवला. सैपाकघराच्या खिडकीत साळूबाई उभी होती. तिनं ते सगळं बघितलं.

आणि तेवढ्यात वेशीत ढोल वाजले.

मोटारसायकली आल्या, मागं उघडी जीप. धैर्यशील कोटावर पदकं लावून उभा होता, गळ्यात हार इतके की हनुवटी दिसेना. कानशिलांवर केस पिकले होते. पोरं पुढं नाचत होती. जीप अंगणाच्या तोंडाशी थांबली. तो खाली उतरला, दोन पावलं चालला आणि खाली बघून जागीच थबकला. ढोलवाल्यांच्या ते ध्यानात आलं. एकेक करत ढोल थांबले.

"ह्ये कुणी काढलं?"

"तुझ्या आईनं," आबा म्हणाले.

धैर्यशीलनं बूट काढले. मोजे काढले. अनवाणी पायांनी कडेला उभा राहिला. पण पाऊल पुढं टाकेना. "आबा, ह्याच्यावर पाय कसा देऊ? मी असा कडंनं येतो."

तंबूतल्या त्या बुटांना आबांनी कधी अडवलं नव्हतं; आज मात्र त्यांनाही वाटत होतं, नको, राहू दे.

तेवढ्यात दारात साळूबाई आली. हातात ओवाळणीचं ताट, डोक्यावर पदर. ती उंबरा उतरली आणि कडेनं गेली नाही. सरळ इंजिनाच्या नाकावर पाऊल ठेवून, धुरांड्यावरून, एकेक डबा तुडवत, मधोमध चालत आली. लाल, पिवळा, हिरवा, सगळा ओला भुसा तिच्या पावलांना लागत होता. शेवटच्या डब्यापाशी येऊन ती थांबली.

"ये," ती म्हणाली. "चालायलाच काढलीया."

तिनं त्याला ओवाळलं, भाकरतुकडा टाकला, त्याचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन मागं फिरली. मग पूजा निघाली, पोरं निघाली, निजाम, रहिमतबी, लीलाबाई, मागून ढोलवाले आणि सगळं गाव. बघता बघता गाडी कुठल्या कुठं गेली. आबा मात्र खाली बघत नव्हते. घरात शिरणाऱ्या त्या दोघांच्या पाठीकडं बघत ते सगळ्यांच्या शेवटी, काठी टेकत आत आले.

घरभर फरशीवर रंगीत पावलं उमटली. पूजा आधी "अगं बाई" म्हणाली आणि मग स्वतःच्याही पायांकडं बघून हसत सुटली. जेवणं सुरू झाली. परसातल्या मंडपात धैर्यशीलला लोकांनी घेरलं होतं. तो मान वळवून वळवून आईला शोधत होता.

साळूबाई ओसरीवर रहिमतबीच्या शेजारी खुर्चीत बसली होती. दीपमाला खाली बसून तिच्या पावलांचा फोटो काढत होती. आबा विहिरीचं पाणी बादलीत घेऊन आले, समोर ठेवलं आणि खांद्यावरचा पंचा काढला.

"दे पाय हिकडं. धुतो."

रहिमतबीनं तोंडात पदर कोंबला. साळूबाई लाजून इकडंतिकडं बघायला लागली. मग तिनं पाय उलट खुर्चीखाली ओढून घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "आजचा दिस राहू द्या तसंच."

आबा तिथंच पायरीवर टेकले. बादलीतलं पाणी त्यांनी जास्वंदीला घातलं आणि पूजानं दोघांची ताटं तिथंच आणून दिली.